पार्श्वभूमी : टॅबला देणगी मिळते, तो चालता ठेवणाऱ्याच्या पगाराला का नाही?

शाळांसाठी सॉफ्टवेअर, ई-साहित्य किंवा टॅब पुरवणाऱ्या सेवाभावी संस्थांच्या निधीची चर्चा हल्ली सीएसआरपासूनच, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चापासूनच, सुरू होते. लोकवर्गणीची परंपरा त्याहून बरीच जुनी. मूठ-मूठ धान्यावर साताऱ्याकडे वसतिगृहं चालली, हे सांगायला नको. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत प्रोजेक्टर आले, तेही बरेचसे गावाच्याच पैशातून. पुढे वीजबिल थकून काहींचं कनेक्शन तुटलं. प्रोजेक्टरवर दात्याचं नाव रंगवता येतं, बिलावर येत नाही!

कंपनी कायद्याचं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. यादीत शिक्षण होतंच, त्यामुळे मोठ्या रकमेचा रस्ता उघडला. पण त्याच नियमांत प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा होती, आणि काम करणाऱ्या संस्थेच्या क्षमताबांधणीचा, म्हणजे माणसं आणि यंत्रणा घडवण्याचा, खर्चही तिच्यातच धरलेला होता. सगळा घोळ इथून सुरू होतो.

जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीने हे बदललं. ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा थेट खर्च तिच्याबाहेर. म्हणजे शाळाशाळांत जाऊन टॅब दुरुस्त करणाऱ्याचा किंवा शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्याचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च. तरीही अनेक कंपन्यांनी संस्थेच्या अंदाजपत्रकावर तीच कात्री चालवणं सोडलं नाही. कायदा सांगत नाही ते फायनान्सवाले सांगतात, आणि पुढच्या हप्त्याची वाट पाहणारी संस्था वाद घालत नाही. सॉफ्टवेअर एकदा लिहिलं की संपलं, ही समजूतही यामागे आहे. अभ्यासक्रम बदलतो, अँड्रॉइडची आवृत्ती बदलते, जुन्या टॅबवर ॲप उघडेनासं होतं. हे काम कधीच संपत नाही.

परदेशी देणग्यांचा फास २०२० मध्येच आवळला होता. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) त्या सप्टेंबरच्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी देणं बंद केलं. मोठ्या संस्थेने पैसा आणायचा आणि तालुक्यातल्या छोट्या संस्थेने शाळांत काम करायचं, ही साखळी तुटली. पारदर्शकतेचं कारण दिलं गेलं, पण किंमत मोजली ती छोट्यांनी. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही हस्तांतरणबंदी वैध ठरवली. आणि ही दुरुस्ती आली ती शाळा बंद होत्या आणि घरोघर मोबाइलची मागणी होती, नेमक्या त्याच काळात.

वैयक्तिक देणगीदारासाठी देणगीवरची आयकर सवलत, म्हणजे ८०जी, आहेच, पण जुनी करप्रणाली निवडली तरच. शिवाय त्यासाठीची संस्थेची नोंदणी आता मुदतीची झाली आणि तिला देणग्यांचं वार्षिक विवरणपत्र आयकर खात्याला द्यावं लागतं.

नवा पर्याय सोशल स्टॉक एक्स्चेंजचा, म्हणजे शेअर बाजारातल्या सामाजिक संस्थांसाठीच्या विभागाचा. २०१९ च्या अर्थसंकल्पात घोषणा, २०२२ मध्ये नियम. इथे संस्था रोखे काढते. त्यांवर व्याज नाही, मुद्दलही परत नाही. गुंतवणुकीच्या कपड्यातली देणगीच ती. लहान दात्यालाही येता यावं म्हणून किमान रक्कम नंतर कमी करण्यात आली. रोखा मात्र ठरावीक मुदतीत पूर्ण होणाऱ्या ठरावीक प्रकल्पासाठीच काढता येतो.