हप्ता जमा १९७० साली, वाढदिवस ३१ मेला

गावच्या व्हॉट्सअप ग्रुपवर सध्या एक स्क्रीनशॉट फिरून राहिला. कोण्या शेतकऱ्याच्या अनुदानाच्या पानावर "जमा दिनांक ०१-०१-१९७० ०५:३०" असं आलंय, म्हणजे गड्याचा जन्म व्हायच्या आधीच पैसे जमा! खाली ज्यानं त्यानं आपापलं लावलं. कोणी म्हणे घोटाळा, कोणी म्हणे सर्व्हर हॅक झाला, एकानं तं चीनचं नाव घेऊन खाली हात जोडले. घोटाळा शोधायचा तं बाकी जागा बम आहेत, पण या तारखेचा अर्थ एवढाच की त्या रकान्यात काहीच भरलेलं नाही. बहुतेक पैसे अजून आलेच नाहीत.

कसं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण मला हा प्रकार लय आवडतो.

बहुतेक सिस्टीममध्ये वेळ साठवताना आत ना महिना असतो, ना वार, ना साल. असतो फक्त एक आकडा, की १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले. युनिक्स नावाच्या सिस्टीममधून ही पद्धत आली आणि सगळीकडं पसरली. ही मध्यरात्र ग्रिनिचच्या वेळेची, जिला आता यूटीसी म्हणतात (गंमत म्हणजे खुद्द लंडनमध्ये तेव्हा घड्याळात रात्रीचा १ वाजला होता, कारण १९६८ ते १९७१ तिथं वर्षभर घड्याळं तासभर पुढं ठेवली होती). एका दिवसाचे ८६,४०० सेकंद धरायचे अन् मोजत जायचं. १९७० च्या आधीचा जन्म असला तं आकडा उणे. आता रकाना रिकामा असला, अन् प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं रिकाम्याचं काय करायचं हे सांगितलंच नसलं, तं तो रिकामा शून्य बनतो, आणि शून्य सेकंद म्हणजे १ जानेवारी १९७०. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढं, म्हणून आपल्याला पहाटेचे ०५:३० दिसतात. तोच शून्य न्यूयॉर्कमध्ये बसून पाहिला तं ३१ डिसेंबर १९६९ ची संध्याकाळ दिसते.

हे कळलं की पुढचा घोळ कळतो, आणि तो जास्त त्रासाचा आहे, कारण तो दिसायला खरा दिसतो.

आमच्या इकडं जुन्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेत नाव घालताना जन्मतारीख कोणाला ठाऊक नसायची, मास्तर पोराकडं बघून वर्ष ठरवायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. अशाच एका काकांचा फॉर्म भरणं सुरू होतं, तेव्हा ऐकलेलं हे बोलणं:

"मी तं १ जूनचा आहो, हे ३१ मे कुठून आणलं तू?"

"काका, मी १ जूनच टाकली. सबमिट केलं की ते आपोआप ३१ मे करून टाकते."

"मंग पुन्हा टाक ना."

"टाकली ना काका. तेच येते."

पोट्टा खरं बोलत होता. होतं असं की फॉर्मवर कॅलेंडर उघडून तुम्ही १ जून १९८० निवडलं, तं ब्राउझर त्याचा अर्थ घेतो "१ जून १९८०, भारतातली मध्यरात्र". यूटीसीच्या मध्यरात्रीला हा आकडा ३२,८६,६५,६०० सेकंद असता, पण आपली मध्यरात्र साडेपाच तास म्हणजे १९,८०० सेकंद आधी येते, म्हणून झाला ३२,८६,४५,८००. आता हा सर्व्हरकडं पाठवताना यूटीसीमध्ये लिहिला जातो: १९८०-०५-३१, १८:३०. बरोबरच आहे, आपल्याकडं रात्रीचे बारा वाजले तेव्हा ग्रिनिचला आदल्या दिवशीचे साडेसहाच वाजलेले असतात. इथवर काही चुकलेलं नाही. पण पलीकडचा प्रोग्रॅम म्हणतो, मला वेळेशी काय घेणं, मला फक्त तारीख पायजे, आणि तो पहिली दहा अक्षरं कापून घेतो. राहिलं काय? ३१ मे. मग दाखल्यावर १ जून, कार्डावर ३१ मे, केवायसी नामंजूर, अन् काका पुन्हा रांगेत.

उलट बाजूनंही होतं. जावास्क्रिप्टमध्ये (ब्राउझरमध्ये चालणारी प्रोग्रॅमिंगची भाषा) तारीख आडव्या रेघांनी १९८०-०६-०१ अशी दिली तं ती यूटीसीची मध्यरात्र धरली जाते, आणि तिरप्या रेघांनी १९८०/०६/०१ दिली तं इथली स्थानिक मध्यरात्र. नुसत्या रेघेनं साडेपाच तासांचा फरक! पहिल्या प्रकारात आपल्याला १ जून पहाटे साडेपाच दिसते, तारीख बरोबर, म्हणून भारतात टेस्टिंग करणाऱ्याला चूक दिसतच नाही, अमेरिकेत मात्र ३१ मे दिसते. काही जण मग डोकं लावून सरळ साडेपाच तास जोडून टाकतात. पुढं दुसऱ्या कोणीतरी तेच जोडलेलं असतं, अन् पडद्यावर सकाळचे अकरा.

मुळात जन्मतारीख हा क्षण नाहीच. तो कागदावर लिहिलेला दिवस आहे, तो दिवस म्हणूनच साठवायचा, साल, महिना, दिवस, बस. सेकंदात नेला की टाइमझोन आला, आणि टाइमझोन म्हणजे नुसता साडेपाचचा आकडा नाही, त्याला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतातली घड्याळं तासभर पुढं केली होती. मुंबईत तं १९५५ पर्यंत ३९ मिनिटं मागं असलेली वेगळी वेळ चालायची. जगातल्या असल्या बदलांची एक यादी बहुतेक सिस्टीम वापरतात, त्यात अख्ख्या भारताची एकच नोंद आहे, आशिया/कोलकाता. कुंडलीच्या अॅपवाल्यांना विचारा, १९४४ चा जन्म असला तं तुम्ही तो तास काढता का? तासाभरात लग्नरास अर्धी सरकते म्हणे. अन् मास्तरांनी लिहिलेल्या १ जूनवर गुण जुळवून ज्यांची लग्नं लागली त्यांचेही संसार व्यवस्थित चालू आहेत, यातून काय समजायचं ते समजा.

आता भाषेकडं येऊ. आतला आकडा एकच, पण पडद्यावर दाखवताना त्याला त्या त्या भाषेत दाखवावं लागतं, बैल तोच, झूल वेगळी. यासाठी युनिकोड कन्सॉर्शियमचा (जगभरच्या लिप्यांची अक्षरं संगणकात कशी साठवायची हे ठरवणारी संस्था) सीएलडीआर नावाचा मोठा तक्ता आहे, त्यात शेकडो भाषांचे महिने, वार, तारखेचा क्रम, सगळं भरलेलं असतं, आणि आपले फोन, ब्राउझर तिथूनच घेतात. त्यात मराठीचे अंक डिफॉल्ट देवनागरी ठेवलेत, हिंदीचे मात्र इंग्रजी. दिसायला छान, पण एखाद्या प्रोग्रॅमनं दाखवायची तारीख उचलून दुसऱ्याला वाचायला दिली की पंचाईत. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला १ हा देवनागरी आकडा समजतो, जावास्क्रिप्टला समजत नाही, ते सांगतं हा आकडाच नाही. म्हणून फोन मराठीत ठेवला की काही अॅप तारखेपाशी अडतात आणि भाषा इंग्रजी केली की चालतात, अन् लोक म्हणतात मराठीत फोन चालतच नाही. मराठीचा काही दोष नाही ना भाऊ, दाखवायची वस्तू मोजायला वापरली तिथं चुकलं.

तुकडे जोडून वाक्य बनवणाऱ्यांचं तं विचारूच नका. "३" अधिक "दिवस" अधिक "पूर्वी" जोडलं की "३ दिवस पूर्वी" तयार, आपल्याला हवं असतं "३ दिवसांपूर्वी". म्हणून अख्खं वाक्य त्या भाषेत ठेवावं लागतं, तेही एकवचन-अनेकवचनासकट. मराठीला दोन रूपं पुरतात, अरबीला सहा लागतात, रशियनमध्ये २१ ला १ सारखंच रूप लागतं.

वेळेचंही तसंच. शेतपंपाच्या थ्री फेज लाइनीचा मेसेज येतो, बुधवार १२:३० एएम. आपल्यासाठी ती मंगळवारची रात्र. बुधवारी जेवण करून, टॉर्च घेऊन वावरात गेलेल्या माणसाला कळते की लाइन काल रात्रीच येऊन गेली, हरभऱ्याचं पाणी राहिलं. दिवस मध्यरात्री बदलतो हे घड्याळाचं म्हणणं, माणूस झोपून उठल्याशिवाय दिवस बदलत नाही. जपानमध्ये टीव्हीवाले यासाठी मंगळवार २४:३० असं सरळ लिहितात, २५:०० सुद्धा लिहितात, कोणाचा घोळ होत नाही. आपल्या मेसेजमध्ये "मंगळवारी रात्री साडेबारा" लिहायला काय जाते? सीएलडीआरमध्ये मराठीला पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र सगळं दिलेलं आहे. इंग्रजीच्या तक्त्यात पहाट नाहीच, सकाळी सहापर्यंत तिथं रात्रच चालते. तरी आपले मेसेज एएम-पीएममध्येच.

आणि दिनदर्शिकाच बदलली तं? थायलंडमध्ये सालात ५४३ मिळवतात. जपानमध्ये सालं सम्राटाच्या युगाप्रमाणं मोजतात; १ मे २०१९ ला सम्राट बदलले, नवं युग सुरू झालं, आणि त्या युगाच्या एका चिन्हासाठी युनिकोडची १२.१ ही आवृत्ती काढावी लागली. आपल्याकडं त्याहून मजा. पोळा आपल्याला श्रावण अमावस्येला, पण धारणी, वरूड, तुमसरच्या पलीकडं मध्य प्रदेशात गेलं की तोच दिवस भाद्रपद अमावस्या होतो, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावस्येला. हिंदीतल्या पंचांगाचं मशीननं मराठी केलं की वद्य पक्षात तिथी बरोबर, महिना चूक. यात तिसरा श्रावणही आहे. शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ ला सरकारनं राष्ट्रीय दिनदर्शिका लागू केली, तिचा श्रावण दरवर्षी २३ जुलैला सुरू होतो, चंद्राशी काही संबंध नाही. सीएलडीआरमध्ये भारतीय कॅलेंडर म्हणून हीच आहे आणि महिन्यांची नावं तीच, चैत्र, वैशाख, श्रावण. ते निवडून कोणी पोळा शोधायला गेलं तं २०२३ मध्ये तो २३ भाद्रपदला सापडेल, २०२४ मध्ये ११ भाद्रपदला आणि २०२५ मध्ये ३१ श्रावणला.