‘स्वयम’वरच्या शाश्वत विकासाच्या कोर्सचे क्रेडिट पदवीत कसे धरून घ्यायचे?

पर्यावरणशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र शिकणाऱ्या बऱ्याच मुलामुलींना हवामानबदल, अक्षय ऊर्जा, घनकचरा व्यवस्थापन असं काही खोलात शिकायचं असतं, पण कॉलेजात ते शिकवणारं कुणी नसतं. त्यांच्यासाठी केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं ‘स्वयम’ पोर्टल आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय तिथून करता येतात.

मेंटॉर म्हणून मी एकच चूक पुन्हापुन्हा पाहते: आधी कोर्स, मग चौकशी. एका विद्यार्थिनीने बारा आठवडे मन लावून कोर्स पूर्ण केला, गुणही चांगले मिळवले. पण तो तिच्या विद्यापीठाच्या मान्य यादीत नव्हता. प्रमाणपत्र मिळालं, क्रेडिट (पदवी पूर्ण करायला जमवावे लागणारे अभ्यासाचे एकक) नाही. तिचा तो चेहरा आठवतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

कोणाला चालतं

तुम्ही नियमित प्रवेश घेतलेले विद्यार्थी हवेत आणि निवडलेल्या कोर्सला तुमच्या विद्यापीठाची मान्यता हवी. जो विषय तुमच्या अभ्यासक्रमात आधीच आहे, तोच पुन्हा स्वयमवरून घेण्यात अर्थ नाही. पदवीला सर्वांना सक्तीचा असलेला पर्यावरण शिक्षणाचा भागही वेगळा. त्याच्या जागी स्वयमचा कोर्स आपोआप चालेल असं धरून चालू नका.

मेंटॉरकडे जाताना

सत्र सुरू होण्याआधी जा. एनपीटीईएलचे (आयआयटी आणि आयआयएस्सी यांचा स्वयमवरचा कार्यक्रम) कोर्स साधारण जानेवारी आणि जुलैमध्ये सुरू होतात, म्हणजे डिसेंबर आणि जून हे महिने हातचे घालवू नका. सोबत न्या: कोर्सच्या पानाची छापील प्रत (आठवडे, क्रेडिट, शिकवणारी संस्था दिसली पाहिजे), मागच्या सत्राची गुणपत्रिका, चालू सत्रातल्या विषयांची यादी आणि अपार आयडी (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक).

खरा गुंता क्रेडिटच्या हिशोबाचा आहे. एनपीटीईएलचा आठ आठवड्यांचा कोर्स दोन क्रेडिटचा, बारा आठवड्यांचा तीनचा. तुमच्या पदवीत रिकामी जागा दोन किंवा चार क्रेडिटची असेल तर तीनचा कोर्स तिथे नीट बसत नाही. चारच्या जागेत उरलेला एक क्रेडिट कुठून आणायचा, हे आधीच ठरवावं लागतं. शिवाय तो कोर्स मेजरमध्ये (मुख्य विषयात) धरायचा, मायनरमध्ये (दुय्यम विषयात) की मुक्त ऐच्छिक विषयात, हेही विचारा. उत्तर मिळालं की ते अर्जावर लेखी घ्या, विभागप्रमुखांची आणि कॉलेजच्या स्वयम समन्वयकांची सही घ्या. तोंडी ‘चालेल’ला सत्राच्या शेवटी किंमत नसते.

नोंदणी आणि परीक्षा

कोर्सला नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. परीक्षेची नोंदणी मात्र वेगळी असते, तिचं शुल्क आणि मुदतही वेगळी, आणि अनेकांचा घोळ इथेच होतो. एनपीटीईएलमध्ये स्वाध्यायांना २५ आणि केंद्रावर होणाऱ्या परीक्षेला ७५ गुण असतात. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायांत किमान १० आणि परीक्षेत किमान ३० हवेत. दोन्हींत पास व्हावं लागतं. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम आठ स्वाध्याय धरतात, त्यामुळे आजारपणात एखादा राहिला तर घाबरू नका.

क्रेडिट खात्यात येण्यासाठी

डिजिलॉकरमधून बारा अंकी अपार आयडी काढा. अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (क्रेडिट साठवण्याच्या डिजिटल खात्यात) क्रेडिट याच क्रमांकावर जमा होतात आणि साधारणपणे सात वर्षं वापरता येतात. आधारवरचं नाव आणि कॉलेजच्या नोंदीतलं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर असलं तरी अडू शकतं, तेव्हा दुरुस्ती परीक्षेआधीच करून घ्या. निकाल लागला की प्रमाणपत्राची प्रत आणि सहीचा तो अर्ज कॉलेजच्या परीक्षा विभागात द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.