रात्री दोनचा बॅकअप

नागपूरच्या धंतोलीतल्या एखाद्या मोठ्या दवाखान्यात रात्री दोनला पेशंट आला, की काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "थांबा ना भाऊ, सिस्टिम स्लो चालून राहिली." भरदुपारी ओपीडीच्या गर्दीत न अडणारी सिस्टिम अपरात्री का अडते? बहुतेकदा बॅकअपमुळे, म्हणजे सगळ्या डेटाची राखीव प्रत काढून ठेवायच्या कामामुळे. रात्री कोण वापरतं, असं धरून बॅकअपची वेळ दोनची लावलेली असते. दवाखान्याला मात्र रात्र नसते.

दवाखान्याच्या नोंदी ठेवणारा डेटाबेस हल्ली क्वचितच स्वतंत्र यंत्रावर असतो. एकाच यंत्रावर दहा-पंधरा व्हर्च्युअल, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले सर्व्हर नांदतात. प्रत्येकाला वाटतं डिस्क आपलीच, पण खाली साठवण एकच. दहाही जणांचा बॅकअप दोनच्या ठोक्याला सुरू झाला, तर एकट्या डेटाबेसची सेटिंग बदलून काय होणार? वेळा पुढेमागे करणं हा फुकटातला उपाय, आणि नेमका तोच राहून जातो.

डिस्क जुन्या पद्धतीची, मिनिटाला ७२०० फेरे घेणारी असेल तर हाल जास्त. तिची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. डेटा वाचणारं मुंडकं हलायचा वेळ धरला, तर विखुरलेल्या जागांवरची सेकंदाला जेमतेम ७५ ते १०० वाचनं होतात. बॅकअपला सलग वाचायचं असतं आणि डेटाबेसला इथून थोडं, तिथून थोडं. दोघं एकत्र आले की मुंडकं नुसतं पळत राहतं. फिरता भाग नसलेल्या एसएसडीवर हा त्रास बराच कमी होतो.

खरी गोम स्नॅपशॉटमध्ये, म्हणजे त्या क्षणाची डिस्क आहे तशी धरून ठेवण्यात आहे. व्हर्च्युअल सर्व्हर चालवणाऱ्या व्हीएमवेअरसारख्या प्रणालीत बॅकअपच्या आधी मूळ डिस्क फाइल गोठवतात आणि नवं लेखन वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये जातं. बॅकअप संपला, की डेल्टा मूळ फाइलमध्ये मिसळायची. सगळ्यांचं लक्ष स्नॅपशॉट घेताना असतं, दणका बसतो तो काढताना. लेखन जोरात असेल तर डेल्टा फुगते, मिसळायला वेळ लागतो आणि शेवटच्या टप्प्यात सर्व्हर क्षणभर थिजवावा लागतो. हा क्षण काही सेकंदांवर गेला, की क्लस्टरमधल्या, म्हणजे एकमेकांची जागा घ्यायला जोडलेल्या सर्व्हरांमधल्या जोडीदाराला वाटतं हा मेला, आणि तो कारभार स्वतःकडे घेतो. बिघाड काहीच नसताना!

म्हणून स्नॅपशॉटचं आयुष्य जितकं कमी तितकं बरं. व्हीएमवेअरने २००९ साली व्हीस्फिअर ४ मध्ये बदललेल्या ब्लॉकची, म्हणजे डिस्कच्या छोट्या तुकड्यांची नोंद ठेवायची सोय आणली. पहिला पूर्ण बॅकअप झाला, की पुढे फक्त बदललेलंच उचलायचं. पण याच नोंदीवर लोक आपल्या हातानं पाणी फिरवतात. बॅकअपच्या तासभर आधी डेटाबेसचे सगळे इंडेक्स, म्हणजे झटपट शोधायच्या सूच्या, नव्याने बांधायचं काम लावलेलं असतं. डेटा तोच, ब्लॉक मात्र बदललेले, आणि बॅकअप पुन्हा अवाढव्य.

बॅकअपच्या वेगाला लगाम घालता येतो, उदाहरणार्थ पोस्टग्रेस या डेटाबेसच्या बेसबॅकअप नावाच्या साधनात. पण हिशेब करून. २ टीबी डेटा सेकंदाला २०० एमबीने पावणेतीन तासांत निघतो, ५० एमबीने अकरा तास. स्नॅपशॉट धरून बसलेल्या बॅकअपचा वेग असा उतरवला, तर डेल्टाही तितकाच वेळ फुगत राहते.

माझं मत विचाराल तर व्यस्त डेटाबेसची दुसरी जिवंत प्रत, म्हणजे स्टँडबाय ठेवावी आणि बॅकअप तिच्यावरून घ्यावा. पोस्टग्रेसमध्ये हे ९.२ आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून जमतं. फक्त ती प्रत वेगळ्या यंत्रावर आणि वेगळ्या साठवणीवर आहे ना, हे स्वतः बघून घ्यावं. व्हर्च्युअल सर्व्हर एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपोआप सरकतात, आणि मूळ व प्रत एकाच डिस्कवर शेजारी येऊन बसली तरी स्क्रीनवर दोन वेगळी नावंच दिसतात.