कोंबड्यांच्या पिसांचा रंग (आनुवंशिकी)

कोंबडीच्या पिसात रंगद्रव्यं मुळात दोनच, काळं युमेलॅनिन आणि तांबूस-पिवळं फिओमेलॅनिन. निळा, पट्टेरी, कोलंबियन (अंग फिकं, मान-शेपटी काळी) हे सगळे रंग ही दोन कुठे, किती आणि कधी भरली जातात यावर ठरतात. मेंडेलचे नियम प्राण्यांना लागू पडतात हे इंग्रज शास्त्रज्ञ बेटसनने १९०२ मधे कोंबड्यांवर दाखवलं, पण त्याच वर्षी फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूनोचं उंदरांवरचं कामही आलं, त्यामुळे पहिला मान कोणाचा यावर फार ताणण्यात अर्थ नाही.

पिसांचा मूळ, पायाभूत रंग ई लोकस (क्रोमोसोमवरची जीनची जागा) ठरवतो, म्हणजे रंगपेशीवर काळं बनवण्याचा हार्मोनचा इशारा घेणाऱ्या एमसी१आर रिसेप्टरचा जीन. जुन्या संदर्भग्रंथांत इथे आठेक अ‍ॅलील (एकाच जीनचे वेगळे प्रकार) मोजलेत, पण ते पिल्लांची लव आणि क्रॉसचे निकाल बघून, आणि डीएनए वाचायला लागल्यावर त्यांच्या सीमा तेवढ्या स्वच्छ राहिल्या नाहीत. पूर्ण काळ्या अ‍ॅलीलमधे रिसेप्टरच्या प्रथिनात ९२ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसीन येतं, मग रिसेप्टर हार्मोनची वाट न बघता चालूच राहतो. आता गंमत अशी की हाच बदल बटरकप जातीतही आहे आणि तो पक्षी काळा नसतो, कारण २१५ व्या जागी हिस्टिडिनच्या ऐवजी प्रोलीन येऊन पहिल्याचा परिणाम मारून टाकतं. म्हणून बटरकप काळ्यापासूनच निघाला असावा हे मत जास्त पटण्यासारखं वाटतं. व्यवहारात मात्र लवच बघावी: रानटी अ‍ॅलीलच्या पिल्लाच्या पाठीवर गडद तपकिरी पट्टे आणि डोळ्यामागे रेघ, व्हीटन (गहूवर्णी) अ‍ॅलीलचं पिल्लू जवळपास सरसकट पिवळट. मोठे झाल्यावर दोन्हीकडचे कोंबडे सारखेच दिसतात, फरक माद्यांत कळतो.

सिल्व्हर (तांबूसच्या जागी पांढरा; तो नसेल तर गोल्ड) आणि बारिंग (आडवे पट्टे, असा पक्षी बार्ड) हे जीन लिंग ठरवणाऱ्या झेड क्रोमोसोमवर. नरात झेड दोन, मादीत एकच, त्यामुळे गोल्ड कोंबडा आणि सिल्व्हर कोंबडी लावली की नर पिल्लं सिल्व्हर, माद्या गोल्ड, आणि काळा कोंबडा बार्ड कोंबडीला लावला तर फक्त नर पिल्लांच्या डोक्यावर पांढरा ठिपका येतो. जोडी उलटी केली की हे जमत नाही.

निळा अपूर्ण प्रभावी, म्हणजे जीनची एक प्रत असेल तर निळा, दोन असतील तर स्प्लॅश (पांढुरक्यावर निळसर शिंतोडे): निळा गुणिले निळा म्हणजे सरासरी पाव काळी, अर्धी निळी, पाव स्प्लॅश, पण काळा आणि स्प्लॅश लावले तर सगळी निळी. लॅव्हेंडर (फिकट राखाडी) वेगळा, तो अप्रभावी म्हणजे दोन्ही प्रती असतील तरच दिसतो, लालसुद्धा फिका करतो आणि दोन लॅव्हेंडरपासून लॅव्हेंडरच निघतात. लोक या दोघांची सारखी गल्लत करतात.

पांढऱ्यात प्रभावी पांढरा (पीएमईएल१७) काळं दाबतो पण लाल बऱ्यापैकी डोकावतं, अप्रभावी पांढऱ्यात रंगद्रव्य बनवायला लागणाऱ्या टायरोसिनेजच्या जीनमधे रेट्रोव्हायरसचा (डीएनएत घुसणारा विषाणू) तुकडा घुसलेला असतो आणि तो सगळंच झाकतो, खाली काय लपलंय ते टेस्ट क्रॉस (माहीत असलेल्या पक्ष्याशी जोडी लावून पिल्लं बघणं) केल्याशिवाय कळत नाही.

नक्षीत पॅटर्न जीन एकटा पेन्सिलिंग (पिसावर बारीक रेघा) देतो, मेलॅनोटिक (काळं वाढवणारा जीन) जोडला की डबल लेसिंग (पिसाला दुहेरी काळी किनार), वर कोलंबियन जीन आला की सिंगल. बफ (फिकट सोनेरी) आणि गडद लाल यामागे एकच जीन नाही, अनेक मिळून काम करतात.