आठवड्यातली पाच मिनिटं

बाळ जन्मलं आणि रडलंच नाही, तर हातात जेमतेम एक मिनिट असतं. बाळ कोरडं पुसायचं, पाठ चोळायची, तोंडात काही अडकलं असेल तर ओढून काढायचं. तरीही श्वास घेत नसेल तर तोंडा-नाकावर मास्क बसवून अँबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या रबरी पिशवीने, हवा द्यायची. वाचायला सोपं आहे. पण मास्कची कड जराशी उचलली गेली, तरी हवा बाहेर निसटते आणि छाती हलतच नाही. ते हाताला कळावं लागतं.

टांझानियातल्या हायडमच्या ल्युथेरन रुग्णालयात एप्रिल २०१० मध्ये नर्सेस आणि सुईणींना यासाठी ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’चं एक दिवसाचं ट्रेनिंग दिलं. सरावाला बाहुली होती. तिच्यात कोमट पाणी भरलं की ती तान्ह्या बाळासारखी जड आणि लुळी लागते. फुगा दाबला की नाळेत ठोके लागतात.

सात महिन्यांनी बाहुलीवरच परीक्षा झाली. श्वास सुरू करण्याच्या कसोटीत आधी १८ टक्के पास होत, आता ७४ टक्के झाले. आपल्याकडे एवढ्यावर सर्टिफिकेटं वाटून फोटो काढले असते. हायडमच्या संशोधकांनी मात्र प्रसूतिकक्षात प्रत्यक्ष काय चाललंय तेही नोंदवलं होतं. तिथे बाळांची हाताळणी काही सुधारली नव्हती.

असं का व्हावं? अँबू बॅग लागणारी बाळं तिथे शंभरात सातच्या आसपास. एकेका नर्सच्या ड्यूटीत अशी वेळ क्वचित येते, आणि येते तेव्हा घाबरगुंडी उडालेली असते. परीक्षेपुरतं शिकलेलं तेव्हा आठवत नाही.

मग २०११ पासून पद्धत बदलली. कामाच्या जागीच दर आठवड्याला तीन ते पाच मिनिटं बाहुलीवर सराव आणि महिन्यातून एकदा चाळीस मिनिटांची उजळणी. वर्षभरात पहिल्या चोवीस तासांत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारी ११.१ वरून ७.२ वर आलं. ही तुलना एकाच रुग्णालयातल्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षाची आहे, त्यामुळे सगळं श्रेय सरावालाच देता येणार नाही. पण एक आकडा मला फार बोलका वाटतो: पाठ चोळणं आणि तोंड साफ करणं वाढलं, आणि अँबू बॅग लागलेली बाळं ७.३ टक्क्यांवरून ५.९ टक्क्यांवर आली. बरीच बाळं बहुधा त्याआधीच रडली.