खूर दुखतोय की नस? वरचेवर थोडा लंगडणारा घोडा

‘थोडासाच लंगडतोय, दोन दिवस सोडून द्या.’ घोडा बाळगणाऱ्याने हे कधी ऐकलं नाही असं होत नाही. दोन दिवसांनी घोडा खरोखर नीट चालतो, आपण खोगीर चढवतो आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच. असं लंगडणं पुढच्या पायात असेल तर आधी दोन जागांचा संशय घ्यावा. एक म्हणजे खूर. दुसरी म्हणजे गुडघ्याखालच्या नळीमागून खाली उतरणारी कंडरा, जिला तबेल्यात सगळे नस म्हणतात. दोन्ही दुखणी वरून सारखी दिसतात आणि विश्रांतीने दोन्हींना उतार पडतो. पण खूर ठेचलेल्या घोड्याला जेवढी विश्रांती पुरते, तेवढ्यावर नस दुखावलेला घोडा कामाला लावला तर तो कायमचा अधू होऊ शकतो.

आधी पाय कोणता ते नक्की करा. घोड्याला दोर ढिला सोडून सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवा. साध्या चालीत त्याला वजन इतर पायांवर सरकवता येतं. दुडकीत पाय तिरक्या जोडीने पडतात, तिथे लपवणं अवघड. दुखरा पाय टेकला की घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकला की डोकं खाली येतं. डोकं ज्या पायावर खाली येतं तोच दुखरा धरण्याची चूक फार जण करतात आणि चांगल्याच पायाला लेप लावत बसतात.

मग जमीन बदलून पाहा. माझ्या मते घरच्या घरी करता येण्यासारखी याहून चांगली परीक्षा नाही. खूर दुखत असेल तर डांबरावर किंवा खडीवर लंगडणं वाढतं आणि मऊ मातीवर जवळजवळ नाहीसं होतं, कारण आपटण्याचा हादरा थेट खुरात जातो. नस दुखत असेल तर बहुधा उलटं होतं. अलिबागच्या किनाऱ्यावरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत किंवा नांगरलेल्या रानात खूर रुततो, पाय उपसताना आणि सांधा सावरताना नसेवर ताण येतो, आणि डांबरावर बरा पळणारा घोडा तिथे पाय आखडतो. माथेरानच्या दगडगोट्यांवर रोज चालणाऱ्या घोड्याला म्हणूनच आधी खुराचा संशय घ्यावा, वाळूत पळणाऱ्याला नसेचा. नियम शंभर टक्के नाही, पण दिशा दाखवतो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला गेलात तर मातीवरची चाल पाहून भुलू नका, एकदा डांबरी रस्त्यावर दुडकी धरायला सांगा.

त्यानंतर हाताने तपासा. दोन्ही खुरांवर तळवा ठेवून एक जास्त गरम लागतो का पाहा. खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन्ही बाजूंना बोट टेकलं की नाडी लागते. निरोगी पायात ती शोधावी लागते. खुरात दुखणं असेल तर बोटाखाली ठणठण उडते. नसेसाठी पाय उचलून गुडघा वाकवा आणि अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत नस धरून वरून खाली सावकाश उतरा. चांगली नस ताणलेल्या दोरीसारखी लागते, तिच्या कडा स्पष्ट असतात. माझ्या कुमैत घोडीच्या नळीच्या मध्यावर बोटभर जागा किंचित जाड आणि कोमट लागत होती. तिथे दाबलं की ती पाय झटकन ओढून घ्यायची. दुसऱ्या पायाशी ताडून पाहिलं नसतं तर मला ते कळलंही नसतं. त्याआधी महिनाभर मी खूरच धरून बसलो होतो, नाल बदलून तिच्यावर बसत होतो. तो महिना तिला फार महाग पडला.

खुराचं दुखणं असेल तर नालबंदाला बोलवा. खिळा जिव्हाळीजवळ, म्हणजे खुराच्या आतल्या नाजूक जिवंत भागाजवळ गेलाय का, तळ फार तासला गेलाय का, तळावर लालसर डाग आहे का, हे नाल काढल्याशिवाय दिसत नाही. पावसाळ्यात भिजून मऊ झालेला तळ खडीवर चटकन ठेचतो. साधा ठेचाळलेला तळ काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत भरून येतो. नाल मात्र चार ते सहा आठवड्यांनी बदलायलाच हवी. खुराचं टोक लांब वाढलं की नसेवरचा ताणही वाढतो, त्यामुळे नालबंद दोन्ही दुखण्यांत लागतो.

नसेचं गणित महिन्यांचं. पहिल्या दिवसांत दिवसातून दोन-तीनदा पंधरा-वीस मिनिटं गार पाण्याची धार, स्वारी पूर्ण बंद, आणि पशुवैद्यकाकडून सोनोग्राफी. नस खरोखर फाटली असेल तर भरायला नऊ ते बारा महिने लागतात, आणि भरलेली जागा पहिल्यासारखी लवचीक राहत नाही. लंगडणं मात्र दोन-तीन आठवड्यांतच थांबतं. घोडा बरा झाला असं वाटतं ते इथेच. त्याला रानात मोकळं सोडणंही चूक. तो उधळतो आणि नस पुन्हा तुटते. दोर धरून चालवायचं, तेही मिनिटं मोजून. सीझनच्या कमाईवर घर चालणाऱ्या घोडेवाल्याला हे किती जड जातं याची मला कल्पना आहे. तरी सांगतो, नस धरलेला घोडा त्या सीझनला काढू नका.

तपासणीआधी वेदनाशामक देऊ नका. लंगडणंच झाकलं तर डॉक्टर पाहणार काय? डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक तर जनावरांसाठी भारतात २००६पासून बंद आहे, ते दिलेली मेलेली जनावरं खाऊनच गिधाडं मेली.

दोन्ही पुढचे खूर गरम असतील, नाडी जोरात उडत असेल आणि घोडा वजन मागे टाकून उभा असेल, तर वरचं काहीच करू नका. तो खुराच्या आतल्या पडद्यांचा दाह असू शकतो. त्याला चालवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

एरवी डॉक्टर येतात त्या दिवशी घोडा हटकून सरळ चालतो. म्हणून लंगडेल त्याच दिवशी फोनवर दोन व्हिडिओ काढून ठेवा, एक डांबरावरचा, एक मऊ मातीवरचा, आणि शेवटची नाल कधी ठोकली ती तारीख सोबत लिहा.