लेखनाची बैठक आणि शब्दांचे उद्दिष्ट

नोकरी आणि घर सांभाळून लिहू पाहणारे बहुतेक जण ‘रोज अर्धा तास लिहीन’ आणि ‘रोज ५०० शब्द लिहीन’ हे दोन संकल्प एकच मानतात. वास्तविक अर्ध्या तासाची बैठक घड्याळाच्या ठोक्याला संपते, तर शब्दांचे उद्दिष्ट पुरे होईपर्यंत वेळ लांबत जातो. आणि ज्याच्यापाशी मुळात वेळच थोडा, त्याचे गणित इथेच बिघडते. एखाद्या दिवशी एकाच परिच्छेदाची चारदा मोडतोड करावी लागली, तर बैठकीचा नेम पाळला जातो, पण ५०० शब्दांचा मोडतो. नुसत्या बैठकीतही पळवाट आहेच म्हणा: पेनाचे टोपण काढत-घालत अर्धा तास सहज काढता येतो.

शब्दसंख्येच्या बाजूने इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप याचा दाखला हमखास दिला जातो, कारण समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहिण्याचा त्याचा परिपाठ होता. टपाल खात्यातली नोकरी करत असताना तो पहाटे ५.३० वाजता मेजाशी बसे आणि न्याहारीपूर्वी लेखन उरकी. वेळेवर उठवून कॉफी आणून देण्यासाठी मोतद्दाराला (घोड्यांची निगा राखणाऱ्या नोकराला) वर्षाला ५ पौंड जादा देई. परंतु १८८३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रातला तपशील वेगळेच सांगतो. रोजच्या तीन तासांच्या बैठकीतला पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचा मजकूर वाचण्यात जाई, म्हणजे त्यात नवा शब्द एकही नसे. रोजची पाने तो वहीत मांडी खरा, पण उद्दिष्ट दिवसाचे नसून आठवड्याचे असे: सरासरी ४० पाने, प्रत्येकी २५० शब्दांची. बैठक रोजची, हिशेब आठवड्याचा, ही विभागणी मला त्याच्या गाजलेल्या वेगापेक्षा अधिक मोलाची वाटते.

अर्धाच तास मिळणाऱ्याने हीच रीत लहान मापात वापरावी. पहिली पाच मिनिटे कालचे वाचावे, उरलेल्या वेळात लिहावे, वेळ संपताच वाक्य अर्धवट असले तरी उठावे आणि वहीत तारखेपुढे शब्दसंख्या टाकावी, मग ती शून्य का असेना. बेरीज आठवड्याअखेरीस करावी. ती सतत कमी भरत असेल, तर झोपेतून वेळ कापण्याऐवजी उद्दिष्टच खाली आणावे. खुद्द ट्रॉलपचे आठवड्याचे उद्दिष्ट कधी ११२ पानांवर गेले, तसे कधी २० पानांपर्यंत उतरलेही होते.